परदेशी शिकायला निघताना बॅग कशी भरावी: पहिल्या पंधरा दिवसांचा हिशेब

रात्रीचे सव्वाअकरा वाजले होते. वसतिगृहाच्या खोलीची किल्ली हातात, फोन ९ टक्क्यांवर आलेला आणि समोर पलंगावर प्लास्टिकचं कव्हर चढवलेली उघडी गादी. चादर नाही, उशी नाही, पांघरूण नाही. दोन महिने याद्या करून मी ४६ किलो सामान भरलं होतं. पण चादर आणि चार्जरचा अडॅप्टर ज्या बॅगेत होता, ती बॅग मधल्या विमानतळावरच राहिली होती. हाती आलेल्या बॅगेत पुस्तकं, भांडी आणि वर्षभर पुरेल एवढा साबण होता. त्या रात्री मी जाकीट अंगावर घेऊन आणि स्वेटरची घडी डोक्याखाली घालून झोपले. कूस बदलली की प्लास्टिक करकरायचं. सकाळी फोन बंद पडला होता आणि सुखरूप पोहोचल्याचा निरोपही घरी गेला नव्हता.

तेव्हापासून परदेशी निघालेल्या प्रत्येकाला मी एकच सांगत आले आहे: बॅग अख्ख्या शिक्षणासाठी भरू नका, पहिल्या पंधरा दिवसांसाठी भरा. तुम्ही जिथे जाताय तिथेही माणसं राहतात, आंघोळ करतात, जेवतात, थंडीत उबदार कपडे घालतात. सोळाव्या दिवशी लागणारी जवळपास प्रत्येक वस्तू तिथे मिळते. मिळत नाहीत किंवा वेळेवर मिळत नाहीत त्या तीनच गोष्टी: तुमचे कागद, तुमची औषधं आणि तुमचा चष्मा. बॅगेतली पहिली जागा त्यांची.

१. बॅग उघडण्याआधी तीन चौकशा करा

पहिली चौकशी तिकिटाची. सामानाची मर्यादा दोन पद्धतींनी ठरते. काही कंपन्या एकूण किलो मोजतात, तर काही नग मोजतात. नग पद्धतीत इकॉनॉमीच्या प्रवाशाला बहुधा २३ किलोचा एक किंवा दोन नग मिळतात आणि प्रत्येक नगाची लांबी, रुंदी आणि उंची मिळून १५८ सेंटिमीटरच्या आत असावी लागते. या दोन पद्धतींत गल्लत झाली की घोटाळा होतो. दोन नगांची परवानगी असली तरी एक बॅग २८ किलोची आणि दुसरी १८ किलोची चालत नाही, बेरीज ४६ आली तरी. जास्तीचे पैसे भरले तरी ३२ किलोच्या वरची एकच बॅग बहुतेक ठिकाणी घेत नाहीत, कारण ती उचलणाऱ्या कामगारांच्या पाठीचा विचार करून ही मर्यादा ठरली आहे.

विद्यार्थ्यांना काही कंपन्या जादा सामान नेऊ देतात, पण त्यासाठी तिकीट काढतानाच विद्यार्थी भाडं निवडावं लागतं. काउंटरवर ओळखपत्र दाखवून ही सवलत मिळेल असं गृहीत धरू नका. प्रवासात दोन वेगळ्या कंपन्यांची वेगवेगळी तिकिटं असतील, तर दोन्हींमध्ये जिचा नियम कडक असेल तोच तुमचा नियम.

दुसरी चौकशी खोलीची. वसतिगृहाला किंवा घरमालकाला सरळ मेल लिहा: गादी, उशी, चादर, पांघरूण मिळतं का? गादीचं माप काय? स्वयंपाकघर असेल तर भांडी आहेत का? कपडे धुवायची सोय कुठे? गादीचं माप विचारायला लाजू नका. अमेरिकेतल्या बऱ्याच वसतिगृहांत ‘ट्विन एक्स्ट्रा लाँग’ नावाची गादी असते, सुमारे ९७ सेंटिमीटर रुंद आणि २०३ सेंटिमीटर लांब. नेहमीची एकेरी खोळीची चादर तिला पुरत नाही. आणखी एक प्रश्न आवर्जून विचारा: रात्री उशिरा पोहोचलो तर किल्ली कोण देणार?

तिसरी चौकशी हवेची, तीही तुम्ही पोहोचणार त्या महिन्याची. ‘तिथे खूप थंडी असते’ एवढ्यावर बॅग भरू नका. सप्टेंबरात उत्तर गोलार्धात पोहोचणाऱ्याला कडाक्याची थंडी सुरू व्हायला दोन-तीन महिने मिळतात. ऑस्ट्रेलिया, न्यूझीलंडला फेब्रुवारीत जाणारा भर उन्हाळ्यात उतरतो आणि त्याची थंडी जून ते ऑगस्टमध्ये येते.

२. कागदपत्रं: एक फोल्डर, तो कायम हातात

कागद चेक-इन बॅगेत टाकू नका. यामागचं साधं कारण पहिल्यांदा जाणाऱ्याच्या लक्षात येत नाही: इमिग्रेशनची खिडकी आधी लागते, सामानाचा पट्टा नंतर. अधिकारी कागद मागतो तेव्हा तुमची मोठी बॅग भिंतीपलीकडे असते.

फोल्डरमध्ये हे ठेवा:

- पासपोर्ट. परतायच्या अपेक्षित तारखेनंतरही तो किमान ६ महिने चालेल असा असला तर पुष्कळ कटकटी टळतात. चालू व्हिसा जुन्या पासपोर्टवर असेल तर जुना पासपोर्टही सोबत हवा.
- व्हिसा आणि त्याला जोडलेले कागद. अमेरिकेसाठी प्रवेश देणाऱ्या संस्थेकडून आलेला आय-२० किंवा डीएस-२०१९ फॉर्म छापून, सही करून ठेवा. कॅनडासाठी स्टडी परमिटचं मंजुरीपत्र. ब्रिटनने आता ई-व्हिसा आणला आहे, त्यामुळे आपलं ऑनलाइन खातं उघडतंय का आणि त्याला याच पासपोर्टचा क्रमांक जोडलाय का, हे निघण्याआधी पाहा.
- प्रवेशपत्र, फी भरल्याच्या पावत्या, खर्चाची तरतूद दाखवणारे कागद, शिष्यवृत्ती असेल तर तिचं पत्र.
- राहण्याच्या जागेचा करार किंवा नोंदणी. पूर्ण पत्ता तिथल्या भाषेत आणि लिपीत छापून घ्या, टॅक्सीवाल्याला दाखवायला तोच उपयोगी पडतो.
- आरोग्य विम्याचं प्रमाणपत्र.
- लसींचा दाखला. अमेरिकेतली अनेक विद्यापीठं गोवर-गालगुंड-रुबेलाच्या लसीच्या दोन मात्रांचा पुरावा मागतात. तो नसेल तर वर्ग सुरू व्हायच्या धावपळीत पुन्हा टोचून घ्यावं लागतं.
- गुणपत्रिका, पदवी, जन्मदाखला यांच्या मूळ प्रती किंवा साक्षांकित प्रती, जे मागितलं असेल ते.
- पासपोर्ट आकाराचे सहा-आठ फोटो. पुष्कळ देशांत ३५ बाय ४५ मिलिमीटर चालतो, अमेरिकेत २ इंच बाय २ इंच लागतो.

दोन गोष्टींत मी बऱ्याच जणांना अडकताना पाहिलं आहे. पहिली म्हणजे मूळ कागद लॅमिनेट करणं. जपून ठेवायच्या हेतूने आपण ते करतो, पण लॅमिनेट केलेल्या कागदावर शिक्का उमटत नाही आणि अपोस्टील करून घ्यायची वेळ आली तर तो परत पाठवला जातो. अपोस्टील म्हणजे १९६१ च्या हेग करारानुसार सदस्य देशांत चालणारं प्रमाणन. ते लागणार असेल तर निघण्याआधीच करून घ्या, परदेशातून ते करून घेणं फार जिकिरीचं असतं. दुसरी गोष्ट नावाची. पासपोर्ट, प्रवेशपत्र आणि तिकीट या तिन्हींवर नाव अक्षर न् अक्षर सारखं आहे का, हे जोडीने बसून तपासा. एकाने वाचायचं, दुसऱ्याने बघायचं.

सगळ्याच्या तीन प्रती असाव्यात: एक कागदी संच वेगळ्या बॅगेत, एक संच घरी विश्वासाच्या माणसाकडे आणि एक फोनमध्ये. फोनमधली प्रत इंटरनेटशिवाय उघडणारी हवी. विमानतळाच्या वायफायला जोडायलाही कित्येकदा फोनवर कोड यावा लागतो आणि तुमचं सिम तेव्हा बंद असतं.

३. औषधं आणि चष्मा

या भागात घाई करू नका. इथली चूक कपड्यांच्या चुकीसारखी पैसे टाकून निस्तरता येत नाही.

औषधं मूळ वेष्टनातच न्या. जागा वाचवायला गोळ्या काढून डबीत भरल्या तर त्या कशाच्या आहेत हे तुम्हाला सिद्ध करता येत नाही. सोबत डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन हवं, इंग्रजीत किंवा त्या देशाच्या भाषेत, आणि त्यात औषधाचं जेनेरिक नाव, म्हणजे त्यातल्या मूळ घटकाचं नाव, आणि मात्रा स्पष्ट लिहिलेली हवी. ब्रँडचं नाव सीमा ओलांडली की निरुपयोगी होतं. जेनेरिक नावंसुद्धा कधीकधी बदलतात: पॅरासिटामॉलला अमेरिका-कॅनडात अ‍ॅसिटामिनोफेन म्हणतात आणि दम्याच्या पंपातल्या साल्ब्युटामॉलला अमेरिकेत अल्ब्युटेरॉल. तापात दुकानासमोर उभं राहून हे शोधत बसण्यापेक्षा आत्ताच टिपून ठेवा.

एका देशात सहज मिळणारं औषध दुसऱ्या देशात गुन्हा ठरू शकतं. जपानमध्ये सर्दीच्या काही गोळ्यांमधलं स्यूडोएफेड्रिन १० टक्क्यांपेक्षा जास्त असेल तर ते आणताच येत नाही. एडीएचडीसाठी (लक्ष एकाग्र न होण्याच्या विकारासाठी) दिली जाणारी अ‍ॅम्फेटामाइनची औषधं तिथे प्रिस्क्रिप्शन असूनही बंद आहेत. चालणारी औषधंसुद्धा एक महिन्यापेक्षा जास्त पुरतील एवढी न्यायची तर ‘युन्यू काकुनिन-शो’ नावाचा परवाना आधी काढावा लागतो. संयुक्त अरब अमिरातीत ट्रामाडॉल आणि कोडीन या वेदनाशामकांवर नियंत्रण आहे, सिंगापुरातही कोडीनसाठी परवानगी लागते. ऑस्ट्रेलियात स्वतःच्या वापराची तीन महिन्यांची औषधं चालतात, तीही प्रिस्क्रिप्शनसह. झोपेच्या, चिंतेच्या, तीव्र वेदनांच्या आणि एडीएचडीच्या गोळ्या घेत असाल तर त्या देशाच्या वकिलातीच्या संकेतस्थळावर औषधाचं नाव घालून शोधाच. ‘माझी मैत्रीण घेऊन गेली होती’ हा पुरावा नव्हे.

इन्सुलिनसारखं गोठून बिघडणारं औषध चेक-इन बॅगेत टाकू नका, विमानाच्या पोटात तापमान फार खाली जाऊ शकतं. ते हातातच ठेवा. द्रव औषधांना १०० मिलिलिटरची मर्यादा सहसा लागू होत नाही, मात्र तपासणीच्या वेळी ती बाहेर काढून दाखवावी लागतात.

चष्मा दोन जोड्या आणि नंबरचा कागद. काही देशांत ताज्या तपासणीशिवाय चष्मा बनवून देत नाहीत, आणि विद्यार्थी विम्यात डोळ्यांचा खर्च बहुधा धरलेला नसतो. दातांचंही तसंच, म्हणून दाढ ठणकत असेल तर निघण्याआधी दाखवून घ्या.

४. केबिन बॅग: मोठी बॅग आलीच नाही असं समजून भरा

माझी चूक इथेच झाली होती. केबिन बॅगेत मी चेक-इनमधून उरलेलं सामान कोंबलं होतं. खरं तर सगळ्यात आधी हीच बॅग भरायची. स्वतःला विचारा: पुढचे तीन दिवस फक्त ही बॅग असेल तर माझं चालेल का?

वजनाची मर्यादा अनेकदा ७ किलो असते, म्हणून प्रत्येक वस्तू निवडून घ्यावी लागते. माझी यादी आता अशी आहे: कागदांचा फोल्डर, औषधं, चष्मा, लॅपटॉप आणि चार्जर, फोनचा चार्जर, अडॅप्टर, पॉवर बँक, दोन दिवसांचे कपडे आणि आतले कपडे, एक ऊबदार थर, टूथब्रश आणि छोटी पेस्ट, पाळी येत असेल तर तिचं सामान, पेन आणि पहिल्या रात्रीचा पाऊच.

हा पाऊच म्हणजे काय, ते सांगते. कापडी पिशवीत एक पातळ चादर, उशीचा अभ्रा, पटकन वाळणारा लहान टॉवेल आणि छोटा साबण. सगळं मिळून वजन पाऊण किलोच्या आसपास. अभ्र्यात कपडे भरले की उशी तयार होते. १६-१८ तासांच्या प्रवासानंतर हातपाय धुऊन स्वच्छ चादरीवर पाठ टेकणं म्हणजे काय, हे ती मिळाली नाही त्यालाच कळतं.

पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इनमध्ये चालत नाहीत, त्या हातातच न्यायच्या. मर्यादा १०० वॉट-अवरची. पॉवर बँकेवर तिची क्षमता एमएएचमध्ये (मिलिअँपिअर-अवर) लिहिलेली असते, त्या आकड्याला ३.७ ने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएचची बँक ७४ वॉट-अवर, म्हणजे चालेल. ३०,००० ची १११ होते, तिला कंपनीची परवानगी लागते. १६० च्या वर अजिबात नाही. आकडा पुसट झाला असेल तर तपासणीत बँक काढून घेऊ शकतात. काही कंपन्या विमानात पॉवर बँक वापरूही देत नाहीत, म्हणून फोन आधीच पूर्ण चार्ज करून ठेवा.

द्रव पदार्थ १०० मिलिलिटरच्या बाटल्यांत आणि त्या सगळ्या एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत. काही विमानतळांनी हा नियम सैल केला आहे, पण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी होते, तेव्हा जुन्याच नियमाने चला.

आणि एक सापळा: विमान भरलेलं असलं की दारातच कर्मचारी केबिन बॅगा मागून घेतात आणि खाली पाठवतात. त्या क्षणी तुमच्या मागे रांग असते आणि हात घाईत असतात. म्हणून फोल्डर, औषधं, पॉवर बँक आणि लॅपटॉप बॅगेच्या आतच एका वेगळ्या पिशवीत ठेवा. ती उचलली की बाकीची बॅग निर्धास्तपणे देता येते.

५. वीज, पिना आणि व्होल्ट

पिनांचा आकार आणि विजेचा दाब या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. अडॅप्टर फक्त आकार बदलतो, दाब बदलत नाही.

अमेरिका आणि कॅनडात चपट्या दोन किंवा तीन पिना, दाब १२० व्होल्ट. जपानमध्ये चपट्या दोन पिना, दाब १००. ब्रिटन, आयर्लंड, सिंगापूर, मलेशिया आणि हाँगकाँगमध्ये जाड चौकोनी तीन पिना. जर्मनी, फ्रान्स आणि युरोपातल्या बऱ्याच देशांत गोल दोन पिना, पण स्वित्झर्लंड आणि इटलीची स्वतःची वेगळी तऱ्हा आहे. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडमध्ये तिरप्या चपट्या पिना. ब्रिटन, युरोप आणि ऑस्ट्रेलियात दाब २३० व्होल्टच्या आसपास.

आता तुमचा चार्जर उलटा करा आणि त्यावरची बारीक अक्षरं वाचा. ‘१००–२४० व्होल्ट’ लिहिलं असेल तर तो जगात कुठेही चालतो, फक्त पिनेचा अडॅप्टर हवा. लॅपटॉप-फोनचे चार्जर सहसा असेच असतात. केस वाळवायचं यंत्र, इस्त्री, किटली यांच्यावर मात्र बहुधा एकच आकडा असतो. २३० ची वस्तू १२० वर नीट तापत नाही आणि १२० ची वस्तू २३० वर लावली तर जळते. ही यंत्रं घरीच ठेवा. तसंही गरम होणाऱ्या उपकरणांना अनेक वसतिगृहांत आगीच्या भीतीने बंदी असते.

अडॅप्टर दोन घ्या, एक केबिन बॅगेत आणि एक चेक-इनमध्ये. लॅपटॉपच्या चार्जरला तीन पिना असतील तर अर्थिंगची पिन असलेलाच अडॅप्टर घ्या.

६. कपडे

आठवडाभराचे कपडे पुरतात. परदेशात बहुतेक विद्यार्थी आठवड्यातून एकदा यंत्रात कपडे धुतात, त्यामुळे आतले कपडे आणि मोजे आठ ते दहा जोड, वरचे सहा-सात, खालचे तीन-चार. यंत्रात वाळवताना लोकर आटते आणि कच्चा रंग दुसऱ्या कपड्यांना लागतो, तेव्हा नाजूक कपडे कमीच न्या. एक औपचारिक जोड न्या, मुलाखत किंवा सादरीकरण पहिल्याच महिन्यात निघू शकतं.

थंडीला एका जाडजूड स्वेटरपेक्षा तीन थर बरे: अंगालगत घाम शोषून लवकर वाळणारं, मध्ये ऊब धरणारं, बाहेर वारा-पाऊस अडवणारं. आतला थर सुती नको, कारण सुती कपडा घामाने ओला झाला की ओलाच राहतो आणि अंग गार पडतं. हिवाळ्याचा जड कोट मात्र तिथे गेल्यावर घ्या. ज्या हवेसाठी तो लागतो, त्या हवेतल्या माणसांनी बनवलेला कोट त्या हवेला पुरतो, आणि तुमचे दोन किलो वाचतात.

बूट नवे कोरे नेऊ नका. पहिल्या आठवड्यात नोंदणी, बँक, खोली, वर्ग असं रोज कित्येक किलोमीटर चालणं होतं. निघण्याआधी महिनाभर वापरून ते पायाला बसवून घ्या आणि सगळ्यात जड जोड प्रवासात पायात घाला.

७. पैसे आणि फोन

तिथल्या चलनात थोडी रोकड, लहान नोटांत. कार्डं दोन, शक्यतो वेगवेगळ्या नेटवर्कची, आणि दोन वेगळ्या जागी ठेवलेली. परदेशी व्यवहाराची परवानगी निघण्याआधी चालू करून घ्या. रोकड मोठी असेल तर लक्षात ठेवा: अमेरिकेत १०,००० डॉलरपेक्षा जास्त आणि युरोपीय संघात १०,००० युरो किंवा त्याहून जास्त रक्कम जाहीर करावी लागते. रोकड नेणं हा गुन्हा नाही, ती लपवणं हा गुन्हा आहे.

फोनबाबत एक चूक फार महागात पडते: जुनं सिम बंद करणं. बँकेचे, विद्यापीठाच्या खात्याचे, मेलचे कोड त्याच नंबरवर येतात. ते सिम रोमिंगवर कमीत कमी खर्चात चालू ठेवा आणि तिथला नंबर दुसऱ्या सिममध्ये किंवा ई-सिममध्ये घ्या. फोन एखाद्या कंपनीला बांधलेला असेल तर आधी सोडवून घ्या. महत्त्वाच्या खात्यांचे बॅकअप कोड कागदावर लिहून फोल्डरमध्ये ठेवा आणि खोलीपर्यंतचा नकाशा ऑफलाइन उतरवून घ्या.

८. हे नेऊ नका

वर्षभराचा साबण-शाम्पू, वह्या, उशा, जड भांडी, हँगर. पुस्तकं तर नकोतच, सगळ्यात जास्त वजन तीच खातात आणि ग्रंथालय असतंच. एखादं जिव्हाळ्याचं पुस्तक खुशाल न्या. घरच्या माणसांचा छापील फोटो न्या. पहिल्या महिन्यात त्यांची गरज फार भासते, आणि त्यांचं वजन ते काय.

खाण्याच्या पदार्थांबाबत प्रेमळ दबाव येतो. प्रत्येक नातेवाईक एक डबा आणून देतो आणि नाही म्हणणं जड जातं. पण ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडमध्ये प्रत्येक खाद्यपदार्थ, बिया, लाकडी वस्तू, मातीचे बूटसुद्धा जाहीर करावे लागतात, नाहीतर तिथल्या तिथे दंड होतो. युरोपीय संघात बाहेरून येणाऱ्या प्रवाशाला मांस आणि दुधाचे पदार्थ आणायला मनाई आहे. अमेरिकेतही ताजी फळं आणि मांस अडकतं. शंका असेल तर फॉर्मवर ‘हो’ लिहा आणि दाखवा. जाहीर केलेली वस्तू फार तर काढून घेतात, लपवलेली वस्तू व्हिसापर्यंत जाऊन भिडू शकते.

दुसऱ्याने बांधून दिलेलं पार्सल घेऊ नका. ‘तिथे माझ्या भाच्याला एवढंच दे’ असं म्हणणारा माणूस कितीही जवळचा असला तरी पाकीट तुमच्यासमोर उघडून, तुम्ही स्वतः बांधायचं. बॅगेत जे सापडेल त्याची जबाबदारी तुमची.

९. भरणं आणि रंगीत तालीम

रिकाम्या बॅगेचं वजन आधी करा. टणक कवचाची मोठी बॅग चार-पाच किलोची सहज असते, म्हणजे २३ मधले ते गेलेच.

दोन बॅगा असतील तर सामान विभागून भरा. एका बॅगेत सगळे कपडे आणि दुसरीत सगळं इतर, असं केलं तर एक हरवली की तुम्ही अर्धे नव्हे, पूर्ण अडता. जड वस्तू चाकांच्या बाजूला, बुटांच्या पोकळीत मोजे, द्रव बाटल्या झाकणाखाली प्लास्टिक लावून. हवा काढायच्या पिशव्या जपून वापरा. त्या जागा वाचवतात, वजन नाही. बॅग अर्धी रिकामी दिसते, माणूस आणखी भरतो आणि काटा २७ दाखवतो.

काउंटरजवळ जमिनीवर बॅग उघडून बसलेली कुटुंबं मी दर वेळी पाहते. वडील एकेक वस्तू काढून हातात धरतात, आई ‘हे राहू दे’ म्हणते आणि ज्याला जायचंय तो मान खाली घालून उभा. निरोपाची शेवटची दहा मिनिटं अशी जातात. त्यासाठी हातात धरून वजन करायचा लहान काटा आणा आणि प्रत्येक बॅग मर्यादेच्या एक किलो खाली ठेवा.

निघण्याच्या आठवडाभर आधी सगळं सामान घेऊन जिन्याने एक मजला चढा-उतरा आणि रस्त्यावर दहा मिनिटं चाला. तिकडे रेल्वे स्टेशनवर लिफ्ट बंद असू शकते आणि मदतीला कुणी नसतं. जे उचलता आलं नाही, ते कमी करा.

बॅगेवर आणि बॅगेच्या आतही नाव, मेल आणि तिथला फोन लिहिलेली चिठ्ठी ठेवा. बाहेरची चिठ्ठी फाटते, आतली टिकते. बंद करण्याआधी उघड्या बॅगेचा आणि नंतर बंद बॅगेचा फोटो काढा. अमेरिकेला जात असाल तर टीएसए (तिथली विमानतळ सुरक्षा यंत्रणा) मान्यतेचं कुलूप लावा, म्हणजे तपासणीसाठी ते तोडावं लागत नाही.

१०. बॅग आलीच नाही तर

पट्टा थांबला, बाकीचे प्रवासी निघून गेले आणि तुमची बॅग नाही. अशा वेळी विमानतळाबाहेर पडू नका. सामान पट्ट्याजवळच कंपनीचं किंवा तिच्या प्रतिनिधीचं काउंटर असतं, तिथे ‘पीआयआर’ म्हणजे सामानाच्या तक्रारीचा अहवाल भरून घ्या आणि त्याचा क्रमांक लिहून घ्या. बोर्डिंग पासवर चिकटवलेली बॅगेची पट्टी इथे लागते, ती फेकू नका. बॅगेचा फोटो दाखवा आणि खोलीचा पत्ता द्या, बॅग सापडली की तिथे पोहोचवतात.

१९९९ च्या माँट्रियल करारात याच्या मुदती ठरलेल्या आहेत. बॅग तुटली-फाटली असेल तर ती मिळाल्यापासून ७ दिवसांत लेखी तक्रार करायची. उशिरा आली तर ती हाती आल्यापासून २१ दिवसांत. २१ दिवसांतही आली नाही तर ती हरवली असं धरून भरपाई मागता येते. भरपाईची कमाल मर्यादा २८ डिसेंबर २०२४ पासून दर प्रवाशामागे १,५१९ एसडीआर आहे. एसडीआर हे आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचं हिशेबाचं एकक. दागिने, रोकड, लॅपटॉप चेक-इनमध्ये ठेवले असतील तर कंपन्या बहुधा हात वर करतात.

बॅग येईपर्यंत जे घ्यावं लागेल, टूथपेस्ट, कपडे, चादर, त्याची प्रत्येक पावती जपा. मला हे माहीत नव्हतं. माझी बॅग चौथ्या दिवशी दुपारी आली, एक चाक निखळलेलं. तोवर मी चादर, अडॅप्टर आणि दोन जोड कपडे विकत घेतले होते आणि पावत्या दुकानाच्या दारातच टाकल्या होत्या. चाकाची तक्रार मी बॅग हाती आल्यापासून नवव्या दिवशी केली. कंपनीने दोन ओळींत उत्तर पाठवलं: मुदत संपली आहे.